निम्मे-निम्मे शेअर आणि अडलेली सही : मालकांमध्ये कोंडी झाली तर कंपनीचं काय होतं?

आपल्याकडे धंदा म्हटला की तो बहुतेक घरातलाच असतो. भाऊ-भाऊ, काका-पुतणे, मेहुणे, नाहीतर लहानपणापासूनचे दोन दोस्त. सुरुवात भागीदारीने होते. मग बँकेचं कर्ज हवं असतं, मोठ्या ऑर्डरी येऊ लागतात, आणि सीए सांगतो, "प्रायव्हेट लिमिटेड करून घ्या." निम्मे शेअर याचे, निम्मे त्याचे, दोघेही डायरेक्टर. सह्या होतात, मिठाई वाटली जाते आणि कागद कपाटात जातात. ते पुन्हा बाहेर निघतात ते थेट भांडण झाल्यावर. तेव्हा कळतं की भागीदारीतून बाहेर पडणं सोपं होतं, कंपनीतून नाही.

हा फरक आधी समजून घ्यायला हवा. भारतीय भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ४३ प्रमाणे मुदत न ठरवलेली भागीदारी एका भागीदाराच्या लेखी नोटिशीने संपते. कंपनीला असं तलाक देता येत नाही. कंपनी ही कायद्याच्या नजरेत मालकांपासून वेगळी व्यक्ती आहे. दोघे मालक एकमेकांचं तोंड बघत नसले तरी ती जिवंत राहते, तिचं भाडं चालू राहतं, कामगारांचा पगार चालू राहतो आणि सरकारी विवरणपत्रांच्या तारखाही चालूच राहतात.

कोंडी नेमकी कुठे होते?

समजा भिवंडीत दोन भावांची कापड कंपनी आहे, शेअर ५०-५०. मोठ्याला नवे यंत्रमाग घ्यायचेत, धाकट्याला आधी कर्ज फेडायचंय. संचालक मंडळात एक मत इकडे, एक तिकडे. भागधारकांच्या सभेतही तेच. ठराव पासही होत नाही आणि दुसरा काही ठरतही नाही. इथवर वाद चर्चेचा असतो. नंतर एक जण सभेला यायचंच बंद करतो आणि खरी अडचण सुरू होते. कलम १७४ नुसार संचालकांच्या बैठकीला किमान दोन संचालक हजर लागतात, आणि खाजगी कंपनीच्या भागधारकांच्या सभेलाही कलम १०३ नुसार दोन सभासद लागतात. म्हणजे एकाने घरी बसून राहिलं तरी सगळी कंपनी थांबते.

पुढची साखळी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बैठक नाही म्हणून हिशेब मंजूर नाहीत, त्यावर सह्या नाहीत, म्हणून कंपनी रजिस्ट्रारकडे वार्षिक विवरणपत्रं जात नाहीत. उशिराची फी प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. सलग तीन आर्थिक वर्षं असंच गेलं तर कलम १६४(२) खाली दोघेही संचालक अपात्र ठरतात, पाच वर्षांसाठी, आणि त्यांच्या दुसऱ्या कंपन्यांमध्येही. भाऊ भावाला अडवायला गेला आणि दोघेही अडकले, असं होतं ते इथे. त्यातच एकाने बँकेला पत्र लिहून "आमच्यात वाद आहे, माझ्या सहीशिवाय पैसे देऊ नका" असं कळवलं, की बँक हात वर करून खातं गोठवते. कामगारांचा पगार त्याच खात्यातून जाणार असतो.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. कंपनीची नियमावली, म्हणजे आर्टिकल्स, कपाटातून काढा. अनेक छोट्या कंपन्यांनी कायद्याच्या परिशिष्टातला तयार नमुना, टेबल एफ, जसाच्या तसा उचललेला असतो. त्या नमुन्यात संचालकांच्या बैठकीत मतं समसमान पडली तर अध्यक्षाला जादा निर्णायक मत आहे. आपल्या कंपनीत अध्यक्ष कोण हे पंधरा वर्षांत कुणी विचारलेलं नसतं, आणि वाद झाला की अचानक त्या खुर्चीची किंमत वाढते.

जायचं कुठे?

दिवाणी कोर्टात नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४३० ने या विषयांत दिवाणी न्यायालयाचा अधिकार काढून घेतलाय. १ जून २०१६ पासून हे काम राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे आहे. त्याआधी ते कंपनी लॉ बोर्ड आणि उच्च न्यायालयांकडे होतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचं खंडपीठ मुंबईत आहे.

पोलिसांतही नाही, निदान आधी तरी नाही. आपल्याकडे भागीदार फिरला की पहिला विचार फसवणुकीची तक्रार देण्याचा असतो. खरोखर खोट्या सह्या झाल्या असतील, पैसे वळवले असतील, तर तक्रार रास्त आहे. पण नुसत्या मतभेदाला फौजदारी रंग द्यायला सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नापसंती दाखवलीय. आणि एकदा भावावर एफआयआर झाला की पुढे टेबलावर बसून शेअरचा भाव ठरवणं जवळजवळ अशक्य होतं. माझ्या मते तडजोडीच्या कितीतरी शक्यता तिथेच मरतात.

न्यायाधिकरणात दोन रस्ते आहेत. पहिला कलम २४१ आणि २४२ चा : कंपनीचा कारभार सभासदांवर जुलूम करणारा किंवा कंपनीच्या हिताविरुद्ध चाललाय, त्यात हस्तक्षेप करा. दुसरा कलम २७१(ई) चा : कंपनी गुंडाळणंच न्याय्य आणि उचित आहे, गुंडाळा.

पहिल्या रस्त्यासाठी कलम २४४ ची पायरी ओलांडावी लागते. शेअर भांडवल असलेल्या कंपनीत १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यांतला कमी आकडा, अथवा किमान एक दशांश शेअर भांडवल अर्जदारांकडे हवं. ५० टक्केवाल्याला ही अडचण नाही. ज्याचा हिस्सा त्याहून लहान आहे तोही या अटीतून सूट मागू शकतो, देणं न देणं न्यायाधिकरणाच्या हाती.

कायद्याची रचना इथे थोडी विचित्र वाटते. कलम २४२ खाली दिलासा मिळवायला साधारण असं दाखवावं लागतं की कंपनी बंद करण्याइतकं कारण आहे, पण बंद केली तर अर्जदाराचंच अन्यायाने नुकसान होईल. म्हणजे आजार जीवघेणा आहे हे सिद्ध करायचं आणि उपचार मागायचा, दफन नाही. दुसऱ्या रस्त्यालाही लगाम आहेच : दुसरा उपाय हाताशी असताना कुणी हट्टाने कंपनी बंद करायला निघाला असेल तर कलम २७३ प्रमाणे न्यायाधिकरण नकार देऊ शकतं.

हे तत्त्व आलं कुठून?

१९१६ सालच्या लंडनमधल्या एका तंबाखूच्या कारखान्यातून. येनिजे टोबॅको कंपनीत रॉथमन आणि वाइनबर्ग असे दोनच मालक, अधिकार समान. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, निरोप सेक्रेटरीमार्फत जायचे. एकाने दुसऱ्यावर फसवणुकीचा दावा लावला होता. लवाद नेमला, त्यावर हजार पौंडांहून जास्त खर्च झाला, आणि निवाडा आल्यावर एकाने तो मानलाच नाही. गंमत म्हणजे कंपनी तोट्यात नव्हती, पूर्वीपेक्षा जास्त नफा करत होती. तरीही अपील न्यायालयाने ती गुंडाळायचा आदेश कायम ठेवला. नाव कंपनीचं असलं तरी आत भागीदारीच आहे, आणि भागीदारांमध्ये असं वैर असतं तर भागीदारी मोडली असतीच, असा तो विचार.

पुढचा मोठा निकाल गालिच्यांच्या धंद्यातला. इब्राहिमी आणि नाझर हे दोघे लंडनमध्ये पर्शियन गालिच्यांचा व्यापार भागीदारीत करायचे. १९५८ मध्ये त्यांनी वेस्टबोर्न गॅलरीज ही कंपनी केली, दोघांचे ५००-५०० शेअर. मग नाझरचा मुलगा आला आणि दोघांनी आपले १००-१०० शेअर त्याला दिले. हिशेब झाला ४००, ४०० आणि २००. कंपनी लाभांश देत नसे, नफा संचालकांच्या पगाराच्या रूपातच वाटला जायचा. १९६९ मध्ये बाप-लेकाने मिळून इब्राहिमींना संचालकपदावरून काढलं. कायद्याने ते बरोबरच होतं, बहुमत त्यांचं होतं. पण इब्राहिमींचा कारभारातला हक्क गेला आणि उत्पन्नही गेलं, उरले फक्त विकता न येणारे शेअर. १९७२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परस्पर विश्वासावर उभी राहिलेली कंपनी, सर्वांनी कारभारात भाग घ्यायचा असा समज, आणि शेअर बाहेर विकण्यावर बंधन, या गोष्टी असतील तर नुसतं "बहुमत आमचं" म्हणून भागत नाही, हे तिथे पक्कं झालं.

आपल्या वाचकांना हा निकाल जवळचा वाटेल. मुलाला प्रेमाने दिलेले १०० शेअर कुणाचं पारडं जड करतात, हे देताना कुणाच्या मनात येत नाही.

भारतीय न्यायालयांनी ही तत्त्वं घेतली, पण हात राखून. हिंद ओव्हरसीज खटल्यात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भागीदारीसारखी कंपनी असू शकते, मात्र प्रत्येक कौटुंबिक कंपनीला तो साचा लावायचा नाही, आणि गुंडाळणं हा शेवटचा उपाय. मतदानात हरलो, मला विचारत नाहीत, एवढं पुरत नाही. अविश्वासाला कारभारातल्या अप्रामाणिकपणाचा आधार हवा. त्या खटल्यात कंपनी बंद करायची मागणी फेटाळली गेली. टाटा-मिस्त्री प्रकरणाच्या २०२१ च्या निकालातही, पदावरून काढलं एवढ्यानेच जुलूम ठरत नाही, हे पुन्हा अधोरेखित झालं.

निव्वळ कोंडीबद्दल आपल्याकडचा सर्वात उपयोगी निकाल मात्र २००८ चा आहे. तामिळनाडूतली एक कापूस गिरणी, श्री भारती कॉटन मिल्स. भागधारक दोन आणि संचालकही तेच दोन : बाप आणि मुलगा. दोघांचं पटेना, कंपनी चालेना. जुलूम सिद्ध झाला नाही तर काही करता येत नाही, असा बचाव घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. जुलूम ठरला नाही तरी कोंडी फोडण्यासाठी योग्य आदेश देण्याइतके अधिकार व्यापक आहेत, आणि मूल्यांकन करून एकाने दुसऱ्याचे शेअर घेणं हा रास्त मार्ग आहे, असं न्यायालयाने धरलं. ५०-५० च्या भांडणात वकील सगळ्यात आधी हाच निकाल काढतात.

न्यायाधिकरण प्रत्यक्षात काय करतं?

सगळ्यात छोटा उपाय कलम ९८ चा. सभा भरतच नसेल तर न्यायाधिकरण ती बोलावू शकतं, आणि एकच सभासद हजर असला तरी ती सभा धरली जाईल असाही आदेश देऊ शकतं. अर्थात ५०-५० असेल तर सभा भरूनही मतं समानच पडणार, म्हणून याचा उपयोग मर्यादित.

अर्ज दाखल झाल्यावर पहिली झुंज अंतरिम आदेशाची असते. कलम २४२(४) खाली जैसे थे ठेवणं, मालमत्ता विकायला मनाई, बँक खात्यावर दोघांची सही, पगार आणि कर आधी, असे आदेश निघू शकतात. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणात हा टप्पा सर्वात महत्त्वाचा आहे. अंतिम निकालाला वर्षं लागतात, आणि तोवर कंपनीत काही उरलं तरच निकालाला अर्थ. शिवाय वाद कळल्यावर रजिस्ट्रारच्या नोंदीतही 'व्यवस्थापनात वाद' असा शेरा पडू शकतो. तो बघून बँका आणि मोठे ग्राहक सावध होतात.

अंतिम आदेशात न्यायाधिकरण संचालक काढू शकतं, नवे नेमू शकतं आणि त्यांना थेट आपल्याकडे अहवाल द्यायला सांगू शकतं. एखादा निवृत्त न्यायाधीश किंवा बाहेरचा सीए मधल्या खुर्चीवर आला की निम्मी भांडणं आपोआप थंडावतात. पण तो कायमचा तिथे बसणार नाही. म्हणून बहुतेक वेळा शेवट होतो तो शेअर विकत घेण्या-देण्यात : एक राहतो, एक पैसे घेऊन बाहेर पडतो.

मग लढाई दोन प्रश्नांवर येते. राहणार कोण, आणि भाव काय? प्रत्यक्ष कारखाना चालवणाऱ्याचा, ग्राहकांशी संबंध असणाऱ्याचा दावा सहसा जड असतो. भाव स्वतंत्र मूल्यांकनकार ठरवतो, पण कोणत्या तारखेचा भाव हे आधी ठरावं लागतं. वाद सुरू झाला त्या दिवशीचा भाव आणि चार वर्षं खातं गोठल्यानंतरचा भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. भिवंडीत जागेचे भाव चढलेत आणि धंदा मात्र बसलाय, अशा कंपनीत ताळेबंदावरची जुनी किंमत धरली तर बाहेर पडणारा लुटला जाईल. म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत मूल्यांकनाची तारीख आणि जागेची किंमत यांबद्दल विचारा.

परदेशातल्या भावासाठी

कोकणातल्या वाचकांनी हा भाग नीट वाचावा. पैसा आखातातून येतो, कंपनी गावातला माणूस चालवतो. असाच, केरळमधला, खटला २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर होता, डेल अँड कॅरिंग्टन. बहुतांश गुंतवणूक परदेशात राहणाऱ्याची, कारभार इथल्या मॅनेजिंग डायरेक्टरकडे. त्याने कंपनीचे नवे शेअर स्वतःच्या नावावर काढून बहुमत आपल्याकडे वळवलं. न्यायालयाने ते शेअर रद्द ठरवले. संचालक हा विश्वस्तासारखा आहे, कंपनी बळकावायला त्याने शेअर काढायचे नाहीत, असं बजावलं. ५०-५० ची कोंडी 'सोडवण्याची' ही सर्वात प्रचलित चलाखी आहे. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आपल्या कंपनीची विवरणपत्रं थोडी फी भरून दुबईत बसूनही बघता येतात. वर्षातून एकदा बघा.

वडील गेल्यावर

कोंडी पुष्कळदा मरहूम वडिलांच्या शेअरमधून जन्माला येते. वडिलांकडे ८० शेअर होते, मागे आई, दोन मुलं आणि एक मुलगी आहे असं धरू. शरीयतप्रमाणे आईचा आठवा हिस्सा म्हणजे १०, प्रत्येक मुलाला २८, मुलीला १४. आता दोन्ही भाऊ भांडले तर पाहा : आई एका मुलाकडे गेली तरी बेरीज ३८, आणि बहीण दुसऱ्या भावाकडे गेली तर ४२. निर्णय बहिणीच्या हातात. जिचं नाव रजिस्टरवर चढवायचंच राहून गेलेलं असतं, तीच.

"वडिलांनी मला नॉमिनी केलंय, शेअर माझे" हा युक्तिवाद चालत नाही. नॉमिनी मालक होत नाही, शेअर वारसा कायद्याप्रमाणेच जातात, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. आणि नाव रजिस्टरवर नसलं तरी मृत सभासदाचे वारस अशा प्रकारचा अर्ज करू शकतात, हे १९८९ पासून ठरलेलं आहे. वरच्या हिशेबात बहिणीकडे साडेसतरा टक्के आहेत, एक दशांशाची अट ती एकटी पूर्ण करते.

आधी लिहून ठेवायचं ते कुठे?

आर्टिकल्समध्ये. वेगळ्या स्टॅम्प पेपरवर केलेला घरगुती करार पुरत नाही. रंगराज खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शेअर हस्तांतरणावरचं जे बंधन नियमावलीत नाही, ते कंपनीवर किंवा भागधारकांवर बंधनकारक नाही. तोही घरातल्याच कंपनीचा वाद होता. चांगलं कलम साधं असतं : कोंडी झाली तर एकाने भाव सांगायचा, आणि त्या भावात घ्यायचं की द्यायचं हे दुसऱ्याने ठरवायचं. भाकरी एकाने मोडायची, तुकडा दुसऱ्याने निवडायचा. यात धोका एवढाच की ज्याच्याकडे रोख जास्त आहे तो दुसऱ्याची अडचण बघून कमी भाव सांगू शकतो; म्हणून पैसे उभे करायला सहा महिने-वर्षाची मुदत ठेवावी.

लवादाचं कलम असलं तरी जुलूम आणि गैरकारभाराचा निवाडा लवाद करू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राकेश मल्होत्रा प्रकरणात ठरवलं. करारातल्या देण्याघेण्याचा वाद मात्र लवादाकडे जाऊ शकतो. मध्यस्थीचा पर्याय तर कायद्यातच आहे, कलम ४४२. प्रकरण चालू असताना कोणत्याही पक्षाला मध्यस्थी मागता येते. जमातीतल्या जाणत्यांनी बसून तडजोड केली असेल तर ती लेखी करून न्यायाधिकरणासमोर ठेवा आणि तिच्यावर आदेश घ्या. तोंडी समेट पुढच्या ईदपर्यंत टिकतो, असा अनुभव आहे.

निकालाविरुद्ध अपील राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात, प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत. फारतर आणखी ४५ दिवसांची सवलत मिळू शकते. त्यापुढे कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालय, ६० दिवसांत. कलम २४२ च्या आदेशाची प्रमाणित प्रत ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे दाखल करावी लागते.

बाहेर पडणाऱ्याने आणखी एक बघायचं. कंपनीच्या कर्जाला दोघांनीही वैयक्तिक हमी दिलेली असते, कधी राहतं घरही तारण असतं. शेअर विकले, राजीनामा दिला, म्हणून ती हमी सुटत नाही. बँक त्या करारात पक्षकार नसते. दोन वर्षांनी भावाची कंपनी हप्ते थकवते आणि नोटीस बाहेर पडलेल्याच्या दारावर येते. तेव्हा शेअरच्या पैशांबरोबर बँकेचं हमीमुक्तीचं पत्रही हातात आल्याशिवाय हस्तांतरणाच्या फॉर्मवर सही करू नका, आणि ही अट तडजोडीच्या मसुद्यातच घालून घ्या.